आरे-वारेला गोव्यासारखा शॅक का नाही? समुद्रासमोरच्या चार खुर्च्यांमागचा कायदा, इतिहास आणि हिशोब

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला किनाऱ्याच्या रस्त्याने निघालं की दहा-बारा किलोमीटरवर घाट चढतो आणि एका वळणावर सगळ्यांच्या गाड्या थांबतात. खाली आरे आणि वारे असे दोन किनारे दिसतात. मध्ये डोंगराचा एक सुळका, बाजूला सुरूचं बन आणि समोर मोकळा समुद्र. पाच मिनिटांत मोबाईल बाहेर येतात, रील शूट होतं आणि रात्रीपर्यंत ते अपलोडही होतं.

त्या रीलखाली एक कमेंट हमखास असते : "इथे गोव्यासारखा एखादा शॅक पाहिजे होता यार!"

तिच्याखाली दुसरी कमेंटही ठरलेली : "नको बाबा, आमच्या कोकणाचा गोवा करू नका."

मग दोन दिवस भांडण चालतं. गंमत म्हणजे भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना बऱ्याचदा एक गोष्ट ठाऊक नसते. आरे-वारेला शॅक असावा की नसावा, याचा विचार सरकारने आधीच केला आहे. २०२० मध्ये राज्य सरकारने बीच शॅकचं धोरण मंजूर केलं आणि त्यातल्या आठ किनाऱ्यांच्या यादीत आरे-वारेचं नाव आहे.

मग शॅक म्हणजे नेमकं काय? तो कुणाच्या जागेवर उभा राहतो? तिथे दारू मिळते ती कोणत्या परवानगीने? आणि आपल्या किनाऱ्यावर असा शॅक आला तर कुणाचं भलं होईल आणि कुणाची अडचण? एकेक करून बघूया.

शॅक आणि बार, फरक काय?

आपल्याकडे 'शॅक' म्हटलं की थेट बिअरची बाटली डोळ्यांसमोर येते. पण शॅक हा बांधकामाचा प्रकार आहे, दारूच्या दुकानाचा नाही.

शॅक म्हणजे वाळूवर किंवा वाळूला लागून उभारलेली तात्पुरती झोपडी. बांबू, लाकडी वासे आणि वर विणलेल्या झावळ्या. पायाला काँक्रीट नाही, भिंतीला वीट नाही. हंगाम सुरू झाला की उभी करायची आणि पावसाळ्याच्या तोंडावर मोडून ठेवायची. कोकणात ज्यांनी लग्नाचा मांडव किंवा खळ्यातला माटव बघितलाय, त्यांना यात नवीन काहीच नाही. आपल्या सरकारने तर त्याला छान मराठी नावही दिलं आहे : चौपाटी कुटी.

आत काय विकायचं हा पुढचा प्रश्न. कुठे मासळीचं जेवण मिळतं, कुठे फक्त शहाळं आणि कोकम सरबत, कुठे बिअर. म्हणजे प्रत्येक शॅक बार असतोच असं नाही. हा फरक लक्षात ठेवला तर अर्धं भांडण तिथेच मिटतं.

हे सुरू कुठून झालं?

समुद्रासमोर पाय सोडून बसायचं, घड्याळाकडे बघायचं नाही आणि ग्लास संपला की वेटरला हाक मारायची. या सगळ्या कल्पनेचं माहेरघर म्हणून जगभर कॅरिबियन बेटांकडे बोट दाखवलं जातं.

तिथल्या काही बारच्या गोष्टी मजेशीर आहेत. ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समध्ये योस्त व्हॅन डाइक नावाचं एक छोटं बेट आहे. तिथल्या एका बारचं नाव 'सॉगी डॉलर', म्हणजे ओला डॉलर. तिथे बोट लावायला धक्का नव्हता. लोक बोटीतून उडी मारून पोहत किनाऱ्यावर यायचे आणि खिशातल्या भिजलेल्या नोटांनी बिल भागवायचे. म्हणून हे नाव.

दुसरी गोष्ट जमैकाची. तिथल्या ट्रेझर बीच या निवांत गावाजवळ 'पेलिकन बार' आहे. एका मच्छीमाराने २००१ मध्ये किनाऱ्यापासून आत, भर समुद्रात, वाळूच्या उथळ पट्ट्यावर खांब रोवून लाकडाची झोपडी बांधली. तिथे बोटीनेच जावं लागतं. २००४ च्या इव्हान चक्रीवादळाने ती झोपडी उडवली. गावकऱ्यांच्या मदतीने ती पुन्हा उभी राहिली. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळाने ती पुन्हा जमीनदोस्त केली.

ही गोष्ट आपल्याला परकी वाटायला नको. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं आणि रायगडसह दापोली-मंडणगडच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' आलं. समुद्राच्या काठावर जे उभं करायचं, ते उद्या नसेल हे धरूनच उभं करावं लागतं. शॅक तात्पुरता असण्यामागे कायदा तर आहेच, पण त्याआधी समुद्राचा स्वभाव आहे.

जमैकाकडून शिकण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे आणि ती कडू आहे. तिथे १९५६ चा एक बीच कंट्रोल कायदा आहे. त्यानुसार किनाऱ्याची मालकी सरकारी राजसत्तेकडे गेली आणि सामान्य माणसाला किनाऱ्यावर जायचा, पोहायचा सरसकट हक्क राहिला नाही. पुढे किनाऱ्यालगत मोठी रिसॉर्ट्स आली, कुंपणं आली आणि अनेक ठिकाणी गावातल्या माणसालाच स्वतःचा समुद्र बंद झाला. आज तिथे या कायद्याविरोधात चळवळ चालू आहे. जाहिरातीत दिसणाऱ्या निवांत किनाऱ्याची ही दुसरी बाजू.

गोव्यात शॅक आले कसे?

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. साठच्या दशकाच्या शेवटी युरोप-अमेरिकेतले हिप्पी तिथे येऊ लागले. हणजूण, बागा, कळंगूट इथे ते महिनोन् महिने राहायचे. त्यांना मोठी हॉटेलं नको होती आणि परवडणारीही नव्हती. किनाऱ्यावरच्या मच्छीमार कुटुंबांनी घराबाहेर दोन बाकडी टाकली, ताजी मासळी तळून दिली, चहा दिला, फेणी दिली. शॅकची सुरुवात अशी घरगुती होती.

१९८३ मध्ये राष्ट्रकुल परिषदेसाठी आलेले राष्ट्रप्रमुख विश्रांतीसाठी गोव्यात गेले आणि गोव्याचं नाव जगभर झालं. त्याच दशकात युरोपातून थेट चार्टर विमानं उतरायला लागली. बाकड्यांचे मांडव झाले, मांडवांचे शॅक झाले. शॅक वाढले तशी भांडणंही वाढली : जागा कुणाची, संगीत किती वाजेपर्यंत, कचरा कुठे टाकायचा.

म्हणून गोवा सरकारने नियम केले. आज तिथे ठरावीक वर्षांसाठी शॅक धोरण जाहीर होतं. पर्यटन खातं अर्ज मागवतं आणि जागांसाठी चक्क सोडत निघते, आपल्याकडे म्हाडाची निघते तशी. संपूर्ण गोव्यात किनाऱ्यावरच्या अधिकृत शॅकची संख्या साडेतीनशेच्या घरात आहे आणि त्यातले बहुतेक उत्तर गोव्यात आहेत. परवाना मिळाला तरी किनारी क्षेत्र प्राधिकरण, प्रदूषण मंडळ, अन्न सुरक्षा, अबकारी अशा वेगवेगळ्या मंजुऱ्या लागतात. मे महिना संपला की शॅक मोडायचा.

आणि तरीही तिथला सगळ्यात जुना तंटा सुटलेला नाही. परवाना स्थानिक माणसाच्या नावावर, पण धंदा चालवणारा तिसराच, हा तो तंटा. परवानाधारक ठरावीक रक्कम घेऊन घरी बसतो आणि शॅक बाहेरच्या व्यावसायिकाच्या हातात जातो. नियमाने ही पोटभाड्याची पद्धत चालत नाही. कारवाईच्या बातम्याही येतात. पण चार महिन्यांच्या मेहनतीपेक्षा एकरकमी पैसे सोपे वाटतात, हेही खरं.

कोकणात शॅक आणायचे म्हणणाऱ्यांनी गोव्याकडून पहिली शिकवण घ्यायची ती हीच.

वाळू नेमकी कुणाची?

"माझी आंब्याची बाग किनाऱ्याला लागून आहे, मग समोरच्या वाळूवर मी चार टेबलं टाकली तर काय बिघडलं?" हा प्रश्न किनाऱ्यावरच्या गावात नेहमी ऐकू येतो.

बिघडतं, कारण वाळू बागेच्या सातबाऱ्यावर नसते. भरतीची रेषा आणि ओहोटीची रेषा यांच्यामधला पट्टा खासगी मालकीचा नसतो. सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या प्रकरणात डिसेंबर १९९६ मध्ये हे तत्त्व स्पष्ट केलं : समुद्रकिनारा, नद्या, जंगलं या गोष्टी सरकारच्या ताब्यात असतात ते जनतेचे विश्वस्त म्हणून. मालक म्हणून नाही.

याच्या जोडीला सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे नियम आहेत. त्यांची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ला निघाली. त्यानंतर ६ जानेवारी २०११ आणि १८ जानेवारी २०१९ अशा दोन नव्या अधिसूचना आल्या. शॅकच्या दृष्टीने त्यांतल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या.

एक, २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळी तरतूद होती. सप्टेंबर ते मे या काळात परंपरेने उभारल्या जाणाऱ्या, पूर्णपणे तात्पुरत्या आणि हंगामी बांधकामांना तिथे मोकळीक मिळाली. म्हणजे त्या वेळी गोव्याला जे जमत होतं, ते शेजारच्या सिंधुदुर्गाला तसंच्या तसं लागू नव्हतं.

दोन, २०१९ च्या अधिसूचनेने देशभरातल्या ग्रामीण किनाऱ्यांवर शॅक, स्वच्छतागृह, कपडे बदलायच्या खोल्या, शॉवर, पिण्याचं पाणी, बसायची सोय अशा तात्पुरत्या पर्यटन सुविधांना वाट करून दिली. पण अटी घातल्या. भरतीरेषेपासून किमान १० मीटर अंतर हवं आणि ती सुविधा मंजूर किनारी आराखड्यातल्या पर्यटन आराखड्यात असायला हवी.

थोडक्यात, शॅक बेकायदा नाही. पण "मनात आलं, चार वासे रोवले" असाही तो नाही.

महाराष्ट्राचं धोरण काय म्हणतं?

२०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने चौपाटी कुटी धोरण मंजूर केलं. त्या वेळी पर्यटन आणि पर्यावरण ही दोन्ही खाती आदित्य ठाकरे यांच्याकडे होती. पहिल्या टप्प्यासाठी चार जिल्ह्यांतले प्रत्येकी दोन, असे आठ किनारे निवडले गेले :

* पालघर : केळवा आणि बोर्डी
* रायगड : वर्सोली आणि दिवेआगर
* रत्नागिरी : गुहागर आणि आरे-वारे
* सिंधुदुर्ग : कुणकेश्वर आणि तारकर्ली

मुख्य अटी अशा :

* एका किनाऱ्यावर जास्तीत जास्त १० कुटी
* कुटीचा आकार १५ फूट लांब, १५ फूट रुंद आणि १२ फूट उंच
* समोर बसायच्या सोयीसाठी २० फूट बाय १५ फूट जागा
* परवाना ३ वर्षांसाठी
* ८० टक्के रोजगार स्थानिकांना
* वेळ सकाळी ७ ते संध्याकाळी ७

आकडे नुसते वाचून पुढे जाऊ नका. जरा हिशोब करूया. आठ किनारे, प्रत्येकी दहा कुटी, म्हणजे संपूर्ण महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जास्तीत जास्त ८०. गोव्यापेक्षा आपला किनारा कितीतरी लांब, पण शॅकची कमाल मर्यादा त्यांच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. कुटीचं क्षेत्रफळ २२५ चौरस फूट. एवढ्यात स्वयंपाकघर, भांडी घासायची जागा, फ्रीज आणि गल्ला बसवायचा. बाहेरच्या ३०० चौरस फुटांत पाच-सहा टेबलं मावतील.

म्हणजे "कोकणाचा गोवा होणार" ही भीती आणि "गोव्याला टक्कर देणार" ही घोषणा, दोन्ही या कागदाकडे बघून जरा मोठ्याच वाटतात. कागदावर आहे ती एक छोटी, दिवसाउजेडी चालणारी खाणावळ.

संध्याकाळी सातचं गणित

या सगळ्या अटींत धंद्यावर सगळ्यात जास्त परिणाम करणारी अट शेवटची आहे.

समुद्रावर माणूस कधी जातो? सूर्यास्ताला. रत्नागिरीत डिसेंबरअखेर, म्हणजे ऐन नाताळच्या गर्दीत, सूर्य सहा वाजून गेल्यावर लगेच बुडतो. सात वाजेपर्यंत शॅकवाल्याच्या हातात जेमतेम पाऊण तास उरतो. मे महिन्यात तर सूर्यास्तच सातच्या आसपास होतो. म्हणजे सूर्य पाण्याला टेकतो तेव्हा शॅकवाला खुर्च्या उचलत असणार. दुपारी बारा ते चार या वेळेत कोकणातल्या उन्हात वाळूवर कोण बसणार?

त्यात वर्षाचे बारा महिने धंदा नाही. रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. समुद्र सगळ्यांसाठीच बंद होतो. पावसाळ्यानंतर परत उभारणी, झावळ्या विणून घेणं, परवान्याचं शुल्क, कामगारांचे पगार. हा खर्च दुपारच्या चार थाळ्यांवर निघणं कठीण आहे.

मग वेळ वाढवा, असं कुणीही म्हणेल. पण सातची अट निव्वळ सरकारी कडकपणा आहे का? नाही. अंधार पडल्यावर किनाऱ्यावर कोण कोण येतं, ते बघितलं की कळतं.

रात्री किनाऱ्यावर कोण येतं?

हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री वाळूवर चढतात, खड्डा करून अंडी घालतात आणि परत समुद्रात जातात. मंडणगड तालुक्यातलं वेळास, दापोलीतलं आंजर्ले आणि गुहागर ही त्यासाठी प्रसिद्ध ठिकाणं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये वेळासला संवर्धनाचं काम सुरू केलं आणि २००६ पासून तिथे कासव महोत्सव भरायला लागला. त्यातून गावातल्या घरांमध्ये पाहुणे राहायला लागले, घरच्या बायकांच्या हाताला रोजगार मिळाला.

पिल्लं अंड्यातून बाहेर आली की उजेडाच्या दिशेने चालतात. नैसर्गिक किनाऱ्यावर सगळ्यात उजळ बाजू समुद्राची असते. पण मागे शॅकचे दिवे असतील तर पिल्लं उलट दिशेला जातात आणि समुद्राऐवजी कुत्र्या-कावळ्यांच्या तोंडी पडतात. म्हणून अंडी घालण्याच्या जागा सीआरझेडमध्ये सर्वांत कडक संरक्षणाच्या गटात येतात. गोव्यातही मोरजी, आगोंद, गालजीबाग या कासवांच्या किनाऱ्यांवर वेगळे निर्बंध आहेत.

लक्षात घ्या, शॅकच्या आठ किनाऱ्यांच्या यादीत गुहागर आहे. कासवांच्या यादीतही गुहागर आहे. हंगामही एकच, नोव्हेंबर ते मार्च. म्हणजे कुटी नेमकी कोणत्या भागात उभारायची आणि दिवा कुठल्या बाजूला लावायचा, या बारीक वाटणाऱ्या गोष्टीच इथे सगळ्यात मोठ्या आहेत.

दुसरा हक्कदार म्हणजे मच्छीमार. रापण हा मासेमारीचा जुना प्रकार. होडीतून समुद्रात जाळं टाकायचं, त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणायची आणि वीस-पंचवीस माणसांनी ती वाळूवरून ओढायची. त्यासाठी मोकळी, लांब वाळू लागते. बाकीच्या वेळी तिथेच होड्या ओढून ठेवायच्या, जाळी सुकवायची, मासळी वाळवायची. पर्यटकाला जी वाळू रिकामी दिसते, ती कोळी, गाबीत, दालदी समाजातल्या कुणाची तरी कामाची जागा असते. एका किनाऱ्यावर दहा कुटी मावतात का, हे टेप लावून मोजता येईल. पण रापण कुठून ओढली जाते, हे गावातल्या माणसालाच विचारावं लागेल.

आता मुद्द्याचं : दारूचं काय?

शॅकचा परवाना आणि दारूचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मिळाला म्हणून दुसरा आपोआप मिळत नाही. दारूचा विषय राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे असतो.

इथे महाराष्ट्र आणि गोवा यांच्यात एवढा फरक का, याचं उत्तर इतिहासात आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात मोरारजी देसाई दारूबंदीचे खंदे पुरस्कर्ते होते. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. रत्नागिरी जिल्हा मुंबई राज्यात होता आणि तेव्हा आजचा सिंधुदुर्गही रत्नागिरीतच होता, कारण तो वेगळा जिल्हा झाला १९८१ मध्ये. म्हणजे बांद्याच्या अलीकडे दारूबंदी आणि पलीकडे, पोर्तुगीजांच्या राज्यात, गावोगावी तावेर्न. तावेर्न म्हणजे गावातलं छोटं दारूचं दुकान, जिथे म्हातारे संध्याकाळी एक पेग घेऊन गप्पा मारत बसतात.

महाराष्ट्राने पुढे बंदी शिथिल केली, पण कायदा तोच ठेवला. म्हणून आजही आपल्याकडे कायद्याच्या नावात 'दारूबंदी' आहे आणि दारू प्यायला परवाना लागतो. तो एका दिवसाचा, एका वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. आपण सर्रास 'परमिट रूम' म्हणतो तो शब्द इथूनच आला : परमिट असलेल्यांनी बसून प्यायची खोली. बिअरसाठी वयाची अट २१ आणि कडक दारूसाठी २५. गोव्यात सरसकट २१.

'रूम' या शब्दावर थोडं थांबा. आपल्या व्यवस्थेत दारू प्यायची जागा म्हणजे बंद खोली. काळ्या काचा, मंद दिवे, आत काय चाललंय ते बाहेर दिसू नये अशी. गोव्यातला शॅक याच्या बरोबर उलटा. उघडा, उजेडातला, शेजारच्या टेबलावर कुणाचं तरी लहान मूल भात खातंय असा. एकीकडे पिणं लपवलं जातं, दुसरीकडे ते जेवणाचा भाग असतं. "शॅक पाहिजे" म्हणणारा माणूस बऱ्याचदा दारू मागत नसतो. दारू काय, कुठल्याही परमिट रूममध्ये मिळते. तो उघड्यावर, कुटुंबासोबत, कुणी वाईट नजरेने बघणार नाही अशी बसायची जागा मागत असतो. आणि विरोध करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतात वाळूत फुटलेल्या बाटल्या आणि भर समुद्रात रुतलेली गाडी. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात.

एक गैरसमजही दूर करूया. "गोव्यात बीचवर कुठेही बसून पिता येतं" हे खरं नाही. गोव्याने २०१९ च्या सुरुवातीला पर्यटन स्थळांच्या कायद्यात दुरुस्ती करून किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणं आणि स्वयंपाक करणं दंडनीय केलं. एकट्याला २ हजार रुपये आणि गटाला १० हजार रुपये दंड. प्यायचं असेल तर परवाना असलेल्या शॅकमध्ये. म्हणजे शॅकमुळे किनाऱ्यावर पिणं वाढतंच असं नाही. नीट राबवलं तर ते एका चौकटीत बसतं, जिथे बाटली परत घेणारा आणि बिल मागणारा कुणीतरी जबाबदार माणूस असतो.

आणि हो, परत येताना डिकीत 'चार बाटल्या' आणणाऱ्यांसाठी : गोवा बनावटीची दारू विनापरवाना महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. सिंधुदुर्गातल्या बांदा-इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर हे दर आठवड्याला कुणीतरी नव्याने शिकतं.

मग कोकणाचा शॅक कसा असेल?

गोव्याची नक्कल करायची गरज आहे का, हा खरा प्रश्न. आपल्याकडे विकण्यासारखं काय आहे ते बघा. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे. हापूसला आहे. गोव्याच्या काजू फेणीला ते २००९ मध्ये मिळालं आणि पुढे गोव्याने फेणीला वारसा पेय म्हणून मिरवलं. आपल्याकडे काजूची बी विकली जाते आणि बोंडूचा मोठा हिस्सा बागेतच कुजतो. तळलेला बांगडा, भाकरी, सोलकढी आणि समोर समुद्र, एवढ्यावर कुणी नाराज होऊन परत जाईल असं वाटत नाही.

पण त्याआधी साध्या गोष्टी लागतात. किनाऱ्यावर बायकांसाठी स्वच्छ, कडी लागणारं स्वच्छतागृह. सांडपाणी वाळूत सोडायचं नाही अशी व्यवस्था. आणि सगळ्यात आधी जीवरक्षक. गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षक ठेवले आहेत. आरे-वारेचा समुद्र दिसायला जितका सुंदर तितकाच ओढीचा. तिथे पर्यटक बुडाल्याच्या बातम्या आम्ही रत्नागिरीकर जवळपास दर पावसाळ्यात वाचतो. जिथे माणूस पाण्यातून बाहेर काढायला कुणी नाही, तिथे पेय कोणतं द्यायचं ही चर्चा नंतरची.

तुम्ही शॅकवर जाणार असाल तर

* मेन्यूकार्डबरोबर परवाना कुठे लावलाय तेही बघा. अधिकृत शॅकवर तो दर्शनी भागात असायला हवा.
* मासळीचा दर आधी विचारा. 'आजचा दर' लिहिलं असेल तर तो वजनावर आहे की नगावर, हेही.
* पिऊन पाण्यात उतरू नका. कमरेएवढं पाणीही ओढीला पुरेसं असतं.
* काचेची बाटली वाळूत ठेवू नका. तिथून उद्या सकाळी कुणीतरी अनवाणी जाळं ओढत जाणार असतं.
* गाडी वाळूवर नेऊ नका. भरती तुमच्या रीलसाठी थांबत नाही.
* रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर लाऊडस्पीकरला बंदी आहे, हा नियम २००० सालापासून देशभर लागू आहे.
* हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर गेलात आणि कासव दिसलं, तर मोबाईलचा फ्लॅश बंद ठेवा आणि लांब उभे राहा.

शेवटी

शॅक हवा की नको, याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात देता येत नाही. परवाना खरोखर गावातल्या माणसाच्या हातात राहणार का? कुटी रापणीची आणि कासवांची जागा सोडून बसणार का? पावसाळ्याआधी ती खरंच मोडली जाणार का? या तीन प्रश्नांची उत्तरं 'हो' असतील, तर वाळूवरच्या पाच-सहा टेबलांनी कोकणाचं काही बिघडणार नाही. ती 'नाही' असतील, तर आधी वासे येतील, मग पत्रे, मग सिमेंट आणि मग कुंपण. जमैकाच्या किनाऱ्यावर काय झालं ते आपण वर वाचलंच.

त्यामुळे पुढच्या वेळी आरे-वारेच्या रीलखाली ती कमेंट दिसली, की भांडण्याआधी एवढंच विचारा : शॅक कुणाचा? या प्रश्नाचं उत्तर वारे गावातल्या एखाद्या घराचं नाव असेल, तर एक बांगडा थाळी आमच्याकडूनही सांगा.